तेरवीनंतरचा सराव

आपल्याकडे घरात कुणी गेलं की तेरवीपर्यंतचं सगळं ठरलेलं असतं. कोण काय आणणार, पंगतीला किती पानं, सुतक कुणाला लागतं, कुणाला फोन करायचा राहिला. पाहुणे गेले की घर रिकामं होतं आणि खरे निर्णय तेव्हा घ्यावे लागतात. धान कोण पाहणार, सोसायटीचं कर्ज कसं फेडायचं, थोरल्याचं कॉलेज चालू ठेवायचं की नाही. त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट कुणी न ठरवताच होऊन जाते. घरातल्या मुलीचा खेळ बंद पडतो. तिला कुणी नको म्हणत नाही. तिला मैदानावर नेऊन सोडणारा माणूस उरलेला नसतो, आणि दुसऱ्या कुणाला ते सुचत नाही.

आमच्या घरात हे होताहोता राहिलं. माझा धाकटा भाऊ ऐन रोवणीच्या दिवसांत हृदयविकारानं गेला. कारध्याच्या बाजूला थोडं धान आहे, ते तो स्वतः करायचा. घरी आमची आई, लकव्यामुळे डावी बाजू गेलेली. वहिनी, बारावीतला पुतण्या आणि सातवीतली पुतणी. ही पुतणी स्केटिंग करते.

स्केटिंग म्हटलं की आपल्या शहरात लोकांना शर्यत आठवते. हेल्मेट घालून, वाकून, गोल गोल पळणारी मुलं. हिचा प्रकार वेगळा आहे. टीव्हीवर बर्फावर नाचल्यासारखं जे फिगर स्केटिंग दिसतं, त्याचं हे चाकांवरचं रूप. आर्टिस्टिक स्केटिंग म्हणतात. बुटाखाली पुढे दोन आणि मागे दोन चाकं, टोकाला रबराचा स्टॉपर. उड्यांची नावंसुद्धा बर्फावरचीच: ॲक्सेल, साल्को, टो लूप. बर्फ आपण आणायचा कुठून? मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. देशात मोठा बंदिस्त बर्फाचा रिंक डेहराडूनला आहे. तो २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बांधला, मग वर्षानुवर्षं बंद पडला आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्यामुळे भंडाऱ्यातल्या मुलीनं फिगर स्केटिंगचं वेड घेतलं तर ते चाकांवरच फेडावं लागतं. त्यात कमीपणा काही नाही. २०१० च्या ग्वांगझू आशियाई खेळांत हैदराबादच्या अनूपकुमार यामानं याच प्रकारात एकेरीचं कांस्य घेतलं आणि अवनी पांचाळबरोबर जोडीचंही. पुतणीच्या कपाटावर आतल्या बाजूनं त्या दोघांचा फोटो चिकटवलेला आहे. तो भावानं छापून आणला होता.

हा खेळ एकट्या मुलीचा कधीच नसतो. आठवडाभर ती इथे सिमेंटच्या कोर्टवर सराव करते आणि रविवारी नागपूरला जाते, कारण शिकवणारे तिथे आहेत. जायला साठेक किलोमीटर, यायला तितकेच. भाऊ पहाटे मोटारसायकल काढायचा. बूट दरवर्षी लहान होतात, आणि चांगल्या बुटांची किंमत हजारांत असते. चाकं झिजतात, बेअरिंग बदलावे लागतात. भाऊ रात्री अंगणात बसून बेअरिंग रॉकेलमध्ये धुवायचा, कापडानं पुसून एकेक फिरवून बघायचा. तो गेल्यावर स्केट्सची पिशवी खुंटीला होती तशीच राहिली. तिच्याकडे बघायचं धाडस कुणाला होत नव्हतं, पुतणीलाही नाही.

त्यात या खेळाचा एक वेगळाच पेच आहे. धावणारी मुलगी असती तर तिनं साध्या कपड्यांत धावून यावं, कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. इथे गाणं लागतं. टिकल्या लावलेला, चमचमणारा ड्रेस लागतो. हात पसरून हसावं लागतं, आणि त्याचे गुण असतात. ज्या घरात वर्षभर सण नाही, दिवाळीला पणतीसुद्धा बेतानं लावायची, त्या घरातल्या मुलीनं मोबाइलवर गाणं लावून गिरकी घ्यायची? आमच्याच नात्यातल्या एका बाईंनी ऐकवलं, "बाप जाऊन साल नाई झालं, अन् पोरगी गाण्यावर नाचून रायली." त्या दुष्ट नाहीत. रोवणीच्या त्या दिवसांत आमच्या मजुरांचा डबा त्यांनीच केला होता. शोक कसा दिसायला हवा याचं एक चित्र त्यांच्या मनात आहे आणि त्यात चमचमता ड्रेस बसत नाही. ते चित्र बदलायला हवं, असं मला ठामपणे वाटतं, आणि आजचा हा लेख त्यासाठीच आहे.

२०२५ चा जानेवारी आपल्या जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. २४ तारखेला सकाळी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि त्या दिवशी आठ जण गेले. आपण सगळे त्या घरांच्या दुःखात होतो. त्यानंतर पाचच दिवसांनी, २९ जानेवारीच्या रात्री, वॉशिंग्टनच्या विमानतळावर उतरू पाहणारं विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन दोन्ही पोटोमॅक नदीत कोसळली. ६७ जणांचा मृत्यू झाला. त्यांतले २८ जण फिगर स्केटिंगच्या जगातले होते. विचिटा शहरात राष्ट्रीय स्पर्धा झाली होती आणि तिला जोडून होतकरू मुलांचं शिबिर. तिथून मुलं घरी परतत होती. सोबत त्यांचे प्रशिक्षक आणि त्यांना घेऊन गेलेले आईवडील. मला त्या बातमीत सगळ्यात जास्त बोचलं ते हे, की त्यांतल्या कितीतरी आया केवळ पोरीला, पोराला सोबत म्हणून गेल्या होत्या. बूट उचलायला, डबा द्यायला, केस बांधून द्यायला. खेळाच्या कुठल्याही नोंदीत त्यांचं नाव एरवी येणार नव्हतं.

त्या विमानात येवगेनिया शिश्कोवा आणि वादिम नाउमोव हे प्रशिक्षक पती-पत्नी होते. १९९४ चे जोडी प्रकारातले जगज्जेते, रशियातून अमेरिकेत येऊन बोस्टनच्या क्लबमध्ये शिकवणारे. त्यांचा एकुलता मुलगा मॅक्सिम स्वतः स्केटर. त्याच स्पर्धेत तो चौथा आला होता आणि आईवडिलांच्या आधी घरी परतला होता म्हणून वाचला. २ मार्चला, म्हणजे अपघाताला जेमतेम महिना झाला असताना, वॉशिंग्टनमध्ये मृतांच्या स्मरणार्थ आणि त्यांच्या घरांना मदत म्हणून बर्फावर कार्यक्रम झाला. मॅक्सिम तिथे उतरला, वडिलांच्या आवडीच्या गाण्यावर. शेवटी गुडघ्यांवर बसून रडला आणि भरलेलं सभागृह त्याच्याबरोबर रडलं. त्याला कुणी म्हटलं नाही की महिना नाही झाला आणि हा गाण्यावर नाचतो. तिथे सगळ्यांना कळत होतं की या मुलाला आईवडिलांनी जी भाषा शिकवली, तिच्यातच तो त्यांच्याशी बोलतो आहे. पुढे आईवडील लहान मुलांचा जो वर्ग चालवायचे, तोही त्यानं हाती घेतला. जानेवारी २०२६ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत तिसरा येऊन तो ऑलिम्पिकच्या संघात गेला. गुणांची वाट पाहत बसला तेव्हा त्याच्या हातात एक जुना फोटो होता: बर्फावर उभा असलेला अगदी छोटा मॅक्सिम, दोन्हीकडे आई आणि वडील.

ही गोष्ट मी पुतणीला सांगितली. सांगावी का, याचा आधी पुष्कळ विचार केला. कारण अशा गोष्टींचं एक ओझंही होतं. आपण लगेच मुलांना म्हणायला लागतो, "बघ, तूसुद्धा बाबांचं स्वप्न पूर्ण कर." सचिन तेंडुलकरची गोष्ट प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. १९९९ च्या विश्वचषकात वडील गेले, तो मुंबईला आला, आईनं परत पाठवलं आणि ब्रिस्टलला केनियाविरुद्ध त्यानं नाबाद १४० केल्या. कॅनडाच्या जोआनी रोशेटची आई २०१० मध्ये व्हँकुव्हर ऑलिम्पिकला लेकीचं स्केटिंग बघायला आली आणि पोचल्यावर हृदयविकारानं गेली. दोन दिवसांनी जोआनी बर्फावर उतरली आणि कांस्यपदक घेऊनच थांबली. धैर्याच्या या गोष्टी खऱ्याच आहेत. पण त्या वेळी सचिन २६ वर्षांचा होता, जोआनी २४ ची, मॅक्सिम २३ चा. खेळायचं की नाही, हे त्यांनी आपल्या मनानं ठरवलं. बारा वर्षांच्या पोरीच्या पदकानं बापाचं श्राद्ध घालायला निघणं मला मुळीच पटत नाही. तिनं खेळावं ते तिला खेळावंसं वाटतं म्हणून. आणि नको वाटलं तर तेही तिनंच म्हणावं.

आमच्याकडे कोंडी फोडली ती आईनं. तिला बोलायला त्रास होतो, शब्द तुटक येतात. एका संध्याकाळी खुंटीकडे बोट करून ती वहिनीला म्हणाली, "तिचा बाप तिले नेत होता ना? मंग आता कोन नेते?" कुणीच काही बोललं नाही. मग पुतण्या उठला आणि पिशवी खाली काढून बेअरिंग धुवायला बसला.

नागपूरच्या तिच्या प्रशिक्षक बाई फार शहाण्या निघाल्या. पहिले काही आठवडे त्यांनी गाणं लावलंच नाही. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. जमिनीवर रंगानं आखलेली वर्तुळं असतात, त्या रेषेवरून एका पायावर, चाकाची कड सांभाळत, हळूहळू जायचं. या खेळाचा पाया तोच आहे आणि त्याला लक्ष इतकं लागतं की दुसरं काही मनात राहत नाही. ती वर्तुळं काढताना पोरगी कितीदा तरी रडली. बाईंनी तिला रडू दिलं, थांबवलं नाही आणि घरीही पाठवलं नाही. गाणं कधी लावायचं, हे पुढे पुतणीनंच सांगितलं. ड्रेस जुनाच घातला, टिकल्या होत्या तशा ठेवून. वहिनीनं तो स्वतःच्या हातानं उसवून वाढवला.

बाकीचं सगळं वाटून घेतलं. रविवारी वहिनी जाते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, त्याचा आमच्या घराला खरोखर आधार झाला. वहिनी नसते तेव्हा आईला आंघोळ घालून जेवू घालणं माझ्याकडे. संध्याकाळी कोर्टवर सोडणं शेजारच्या काकाजींकडे. त्यांचा नातू काही स्केटिंग करत नाही, तरी ते येतात. बूट एका मोठ्या मुलीचे, तिला लहान झालेले, निम्म्या किमतीत मिळाले. कापणीच्या दिवसांत मात्र सगळं कोलमडतं. त्या वेळी सराव चुकतो, आणि तो चुकू द्यावा लागतो. यंदा शालेय स्पर्धेत ती जिल्ह्यातून विभागापर्यंत गेली, राज्याला गेली नाही. घरात कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही, तिला वाटलं. हे मला चांगलं लक्षण वाटतं.

या जिल्ह्यानं काय काय दिलं आहे ते आपणच विसरतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल खेळांत ट्रॅक सायकलिंगच्या टीम स्प्रिंटमध्ये भारताच्या तीन मुली होत्या, त्यांतल्या मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे या दोघी भंडाऱ्याच्या. इथे वेलोड्रोम नाही. म्हणजे त्यांच्याही घरच्यांनी मुलींना लांब पाठवलं, मागचं घर सांभाळलं. अशी सोय नसलेल्या जिल्ह्यात खेळाचा सगळा भार घरावर पडतो, आणि घरातला एक खांदा निखळला की तो भार उचलायला शेजार-नात्यातल्यांनीच यावं लागतं.

एक माहिती मुद्दाम देते, कारण ती आम्हालाही उशिरा कळली. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठी राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. अठरा वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा असतो. नवरा गेलेली बाई त्या काळात कागद शोधायच्या मनःस्थितीत नसते. तिचे कागद गोळा करून तिला त्या कार्यालयात घेऊन जाणं, हे तेरवीच्या पंगतीत पाण्याचा जग घेऊन फिरण्यापेक्षा मोठं काम आहे.

पुढच्या वेळी कुणाच्या तेरवीला जाल तेव्हा त्या घरातल्या मुलीला, मुलाला जरा बाजूला घेऊन विचारा, तुझा सराव किती वाजता असतो. आणि जमत असेल तर आठवड्यातला एक दिवस स्वतःकडे मागून घ्या.