मौनाने संसर्ग थांबत नाही

संपादक महोदय,

‘लैंगिक शिक्षणाने मुले बिघडतात’ हे आपल्या अंकातील मत टिकणारे नाही. माहिती दडवली म्हणून कुतूहल संपत नाही. ते मोबाइलवरच्या भोंदू जाहिरातींकडे वळते. एचआयव्हीची ‘तपासणी केली की गावभर बोभाटा’ हेही दिशाभूल करणारे आहे. सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी (एकात्मिक समुपदेशन व चाचणी) केंद्रात बंद दाराआड समुपदेशन होते, तपासणी मोफत असते आणि २०१७च्या एचआयव्ही कायद्याने संमती व गोपनीयता बंधनकारक आहे. ती कुठे मोडली जात असेल, तर कायदा राबवावा. तोंड मिटून बसणे हा इलाज नव्हे. संसर्गाची शक्यता वाटल्यास प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. संकोचात गेलेले तास परत मिळत नाहीत. म्हणून १०९७ हा मोफत मदत क्रमांक प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर हवा. १९२७ साली र. धों. कर्व्यांचे लैंगिक शिक्षणाला वाहिलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक पाहिलेल्या महाराष्ट्राला हे पुन्हा सांगावे लागू नये.

– एक वाचक, सोलापूर