खोकं, बल्ब आणि धामणीचं पिल्लू

मागच्या पावसाळ्यात आमच्या विंगमध्ये एक नवीन मेंबर आला होता. मेस बिल नाही, घोरणं नाही, असाइनमेंट कॉपी करायला मागणं नाही. लांबी जेमतेम सव्वा फूट. सायकल स्टँडमागच्या दगडांत सापाचं पिल्लू दिसलं आणि आमच्या एका मित्राने (नाव सांगत नाही, त्याच्या ओरल्स बाकी आहेत!) ते बरणीत घालून थेट रूमवर आणलं.

‘पावसात गारठेल बिचारं,’ म्हणून साहेबांनी रातोरात हीटर बनवला. थर्मोकोलचं खोकं, एलएम-35 सेन्सर, रिले, अर्डुइनो आणि 40 वॅटचा पिवळा बल्ब. सेट पॉइंट 30 अंश. डिस्प्लेवर 29.8, 30.1, 30.0 असे आकडे नाचू लागले आणि अख्खी विंग खूश! पिल्लू मात्र दिवसभर कोपऱ्यात नाक घासत होतं, नाहीतर पाण्याच्या झाकणात वेटोळं घालून बसत होतं. समोर सोडलेल्या बेडकीला ते शिवलंही नाही.

माझं मत स्पष्ट आहे. सर्किट बरोबर होतं, प्रश्नच चुकीचा सोडवला होता.

साप आपल्यासारखी आतून ऊब तयार करत नाही. ऊब हवी असेल तेव्हा तो उन्हात येतो, नको असेल तेव्हा दगडाखाली जातो. म्हणजे कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत थर्मोस्टॅट तो स्वतःच आहे, आणि सरपटणं हे त्याचं कंट्रोल अ‍ॅक्शन. खाल्लेलं पचवायला त्याला ऊब लागते, एरवी तेवढी नको असते. आपण सगळं खोकं 30 अंशांवर आणलं की त्याच्या हातातला (हात नसले तरी!) एकमेव कंट्रोल काढून घेतो. त्याला एक तापमान नको, तापमानांतली निवड हवी.

त्यातून पिल्लू लहान. आकार सगळ्या बाजूंनी निम्मा केला तर पृष्ठफळ चौथाई होतं, पण घनफळ आठव्या भागावर येतं. म्हणून पिल्लू मोठ्या सापापेक्षा झटकन तापतं, झटकन गार होतं आणि लवकर सुकतं. आमचा सेन्सर खोक्याच्या मध्यावर होता. बल्बच्या खाली किती तापतंय हे कुणी मोजलंच नाही. साप गरम पृष्ठभागावरून वेळेत बाजूला होईलच असं नसतं, भाजेपर्यंत तिथेच पडून राहू शकतो. शिवाय थर्मोकोल 100 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि पेटलेल्या बल्बची काच त्याहून तापू शकते. रात्री लाइट गेली की सगळा कारभार उलटा!

परदेशात बॉल पायथन पाळणारे जाणकार काय करतात? गरम चटई पेटीच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली ठेवतात. एक बाजू 31-32 अंश, दुसरी 25-26. दोन्हीकडे लपायला जागा, म्हणजे ऊब की आडोसा असा पेच पिल्लाला पडत नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर गरम बाजूच्या पृष्ठभागावर, आणि दिवा असेल तर त्याला जाळी. हे साप पिढ्यान्‌पिढ्या पेटीतच जन्मलेले असतात. भारतात असा विदेशी साप बाळगायचा तर तो साइट्‌स यादीतला असल्याने 2024 च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

सायकल स्टँडमागच्या पिल्लाची गोष्ट मात्र वेगळी. आम्ही शेवटी 1926 या वनविभागाच्या हेल्पलाइनवर फोन केला. आलेल्या सर्पमित्रांनी बघताक्षणी सांगितलं, ‘धामण आहे, बिनविषारी.’ पण दोन दिवस आमच्यापैकी एकालाही ते माहीत नव्हतं! नागाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेच विष घेऊन. आणि धामण विषारी नसली तरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार तिला पकडून ठेवणं गुन्हाच आहे.

मित्र म्हणाला, ‘मी कुठे मारत होतो? जगवतच होतो ना!’ त्याची तळमळ खरी होती, हे मी मान्य करतो. काठी घेऊन धावणाऱ्यांपेक्षा तो शंभर पटींनी बरा. पण त्याने रात्रभर जागून जे बनवलं त्याहून चांगली सिस्टिम त्या दगडांच्या ढिगात आधीच चालू होती. वरचा दगड तापलेला, खालचा गार, मधल्या फटीत ओल. लाइट जाण्याची भीती नाही.

रेक्टर सरांना एकच विनंती. प्रत्येक विंगच्या नोटीस बोर्डावर मेसच्या वेळापत्रकाशेजारी 1926 हा नंबर ठळक लावा. आणि मित्रांनो, पुढच्या पावसाळ्यात पिल्लू दिसलं तर दोन पावलं मागे व्हा, नजर ठेवा आणि फोन लावा. बरणी शोधू नका.

ते सर्किट वाया गेलं नाही, बरं का! त्याच मित्राने हिवाळ्यात ते लाकडी खोक्यात बसवलं. सेट पॉइंट 42. आमच्या विंगचं दही आता मस्त लागतं.