मुंबईचं क्रिकेट आता दादरला उतरत नाही

२०२५च्या फेब्रुवारीत नागपुरात विदर्भानं रणजीच्या उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवलं. पहिल्या डावात पार्थ रेखडे या नवख्या फिरकी गोलंदाजानं एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे या तिघांना तंबूत धाडलं. तेव्हापासून बोरिवलीतल्या आमच्या कट्ट्यावर एकच निकाल कानावर येतो: मुंबईचं क्रिकेट संपलं. राग मलाही आहे. फेब्रुवारी २०१६मध्ये पुण्यात सौराष्ट्राला हरवून करंडक आणल्यावर पुढचा करंडक बघायला मार्च २०२४ उजाडला. ज्या संघानं १९५८-५९ ते १९७२-७३ सलग पंधरा वेळा रणजी जिंकली, त्याच्या चाहत्याला आठ वर्षं कोरडी जाणं सोसत नाही. पण रागाच्या भरात रोग एक आणि औषध भलतंच, असं होऊ लागलं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

पहिला आरोप आयपीएलवर. तिनं म्हणे मुंबईचा खडूसपणा, खेळातला तो चिवट हट्ट, घालवला. आयपीएल सुरू झाली २००८ साली. त्यानंतर मुंबईनं २००८-०९, २००९-१०, २०१२-१३, २०१५-१६ आणि २०२३-२४ असे पाच करंडक जिंकले. शिवाय आयपीएलचा पैसा गुजरात, सौराष्ट्र, मध्य प्रदेश, विदर्भ इथल्या मुलांनाही मिळतो. ती मुलं त्या पैशानं बिघडली नाहीत, उलट त्यांनी करंडक नेले. जो पाऊस सगळ्यांच्या शेतावर सारखाच पडला, त्याच्यामुळे एकट्या आपलंच पीक बुडालं असं म्हणता येणार नाही.

मुंबईचा पाया खचला तो दुसरीकडे. या संघाची खरी ताकद कधीच फक्त गावसकर-वेंगसरकर नव्हते. भारताकडून कधी खेळले नाहीत, तरी वयाच्या तिशीपर्यंत टिच्चून खेळत राहिले, ते दहा-बारा जण ही ताकद होती. पद्माकर शिवलकर ५८९ प्रथम श्रेणी बळी घेऊनही कसोटी खेळले नाहीत. अमोल मुझुमदार ११ हजारांवर धावा करूनही बाहेरच राहिला. अशा माणसांचं घर कचेऱ्यांनी चालवलं. टाटा, एसीसी, मफतलाल, निर्लॉन या कंपन्या क्रिकेटपटूला नोकरी देत, दुपारी सरावाला सोडत आणि टाइम्स शील्डमध्ये एकमेकींशी ईर्ष्येनं भिडत. गावसकर निर्लॉनचे. गोरेगावात हमरस्त्यालगत निर्लॉनचा कारखाना होता, आज तिथे आयटी पार्क उभा आहे. आता सव्विसाव्या वर्षी आयपीएलच्या लिलावात नाव न आलेल्या मुलाला कोणती कचेरी ठेवून घेते? तो प्रशिक्षक होतो, नाहीतर दुसऱ्या राज्यात जातो. आयपीएलवर चिडणाऱ्यांनी या बंद झालेल्या दारांबद्दल आधी बोलावं.

आरोपाबरोबर सल्लाही मिळतो की मोठे खेळाडू घरच्या क्रिकेटमध्ये परत आणा, सगळं सुरळीत होईल. आणले की! जानेवारी २०२५मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्ध रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, रहाणे, श्रेयस अय्यर, शिवम दुबे, शार्दूल ठाकूर एकाच संघात उतरले. पहिला डाव १२० धावांत आटोपला. दुसऱ्या डावात शार्दूलचं शतक आणि तनुष कोटियनची साथ नसती तर पराभव याहून मोठा झाला असता. जम्मू-काश्मीर पाच गडी राखून जिंकलं. आणि हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. डिसेंबर २०१४मध्ये, काश्मीरला महापुरानं झोडपल्यानंतर काही महिन्यांतच, याच संघानं आपल्याला वानखेडेवर हरवलं होतं. २०१९च्या डिसेंबरात रेल्वेनं वानखेडेवरच दहा गडी राखून धूळ चारली. तीनही वेळा समोरच्या गोलंदाजानं फार काही जादू केली नाही. उजव्या यष्टीबाहेरचा चेंडू सोडून देण्याचा धीर आपल्या फलंदाजांना धरवला नाही.

खेळाडूंच्या निष्ठेवर बोट ठेवणाऱ्यांना थोडक्यात उत्तर देतो. वसीम जाफर विदर्भात गेला, सिद्धेश लाड गोव्याला जाऊन परत आला, यशस्वीनं २०२५मध्ये गोव्याला जाण्याची परवानगी मागून ती मागे घेतली, पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडे गेला. खेळायला मिळावं म्हणून खेळाडू हलतो, त्यात पाप नाही. मला खरी हळहळ वाटते ती चंद्रकांत पंडित यांची. २०१५-१६चा करंडक त्यांच्याच मार्गदर्शनाखाली आला. पुढच्या वर्षी अंतिम सामना हरलो आणि त्यांचं पद गेलं. मग त्यांनी विदर्भाला लागोपाठ दोन करंडक मिळवून दिले आणि २०२२मध्ये बंगळुरूत मध्य प्रदेशाला घेऊन अंतिम सामन्यात आपल्यालाच हरवलं. कडक शिस्तीचा, तापट, पक्का मुंबईकर माणूस आपण दारातून बाहेर काढला आणि नंतर म्हणतो, खडूसपणा कुठे गेला!

आता उलट बाजूचे लोक. त्यांना चिंताच नाही. "बेचाळीस करंडक आहेत, मुंबई परत येतेच," असं ते म्हणतात आणि २००६-०७चा दाखला देतात. पहिले तीन सामने हरूनही मुंबईनं त्या वर्षी रणजी जिंकली. बडोद्याविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य धावा आणि पाच गडी बाद, तरीही जिंकली. तो हंगाम आठवला की आजही अंगावर काटा येतो. पण त्या आठवणीच्या जोरावर २०१८-१९, २०१९-२० आणि २०२२-२३ या तीन हंगामांत बाद फेरीतही पोहोचता आलं नाही, हे विसरायचं का? साठच्या दशकात बाकीच्यांकडे मैदानं नव्हती, प्रशिक्षक नव्हते, सामने नव्हते. आज नागपूर, राजकोट, इंदूर इथे सगळं आहे.

मग मुंबईकडे काय उरलं? माणसं उरली आहेत, आणि भरपूर. फक्त ती दादर-माटुंग्याला राहत नाहीत. रोहित आजी-आजोबांकडे बोरिवलीत वाढला. रहाणे डोंबिवलीचा, पृथ्वी विरारचा, शार्दूल पालघरचा, सूर्यकुमार अणुशक्तीनगरचा, सरफराज आणि मुशीर कुर्ल्याचे. मार्च २०२४च्या अंतिम सामन्यात १३६ धावा करणारा मुशीर तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. गेल्या वीस वर्षांचा मुंबईचा संघ लोकल गाडीनं लांबून आलेला आहे. क्रिकेट मात्र तिथंच थांबलं आहे: आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, मरीन ड्राइव्हचे जिमखाने, फार तर माटुंगा आणि शिवाजी पार्क.

सकाळी साडेपाचच्या सुमाराला बोरिवली स्थानकावर लगेजच्या डब्यासमोर उभं राहून बघा. बारा-तेरा वर्षांची पोरं, स्वतःच्या उंचीएवढी किटबॅग, एका हातात डबा. बॅग लोकांना लागते म्हणून शिव्या खातात. चर्चगेटला पोहोचेपर्यंत पायात निम्मं बळ उरतं. मग नेटमध्ये वाट्याला वीस चेंडू आणि परतीच्या गाडीत उभ्यानं झोप. शार्दूलला पालघरहून रोजची ही ये-जा जमेना, तेव्हा शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड सरांनी त्याला बोरिवलीत स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि आपल्या शाळेकडून खेळवलं. रोहितची फी माफ व्हावी म्हणून शब्द टाकला तोही लाड सरांनीच. आझाद मैदानाच्या तंबूत राहणाऱ्या यशस्वीला प्रशिक्षक ज्वाला सिंग यांनी सांताक्रूझला आपल्या घरात जागा दिली. या तिघांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, कारण कुणीतरी घराचं दार उघडलं. ज्यांना असं दार मिळालं नाही, अशी किती मुलं नालासोपाऱ्याला, टिटवाळ्याला, भांडुपला बॅट माळ्यावर टाकून बसली असतील? मुंबईचा मधल्या फळीतला पुढचा फलंदाज त्यांच्यातच होता.

उपनगरात खेळायला जागा नाही असंही नाही. जागेचं काय केलं ते बघा. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जाळी लावलेली, तासावर भाड्यानं मिळणारी टर्फ झाली आहेत. तिथे सहा-सहा जणांचा खेळ, प्लास्टिकचं गवत आणि प्रत्येक चेंडू मारायचा, कारण पैसे भरलेला तास संपत असतो. चेंडू सोडून देण्याला तिथे अर्थच नाही. बोरिवलीची मोठी मैदानं नवरात्रात दांडियाच्या मांडवाखाली जातात. मांडव निघतो तेव्हा मातीत बांबूचे खड्डे आणि खिळे उरतात, आणि क्रिकेटचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो. कांदिवलीला मुंबई क्रिकेट असोसिएशनचा सचिन तेंडुलकर जिमखाना आहे हे मला माहीत आहे. पण सभासदांचा जिमखाना आणि निवडलेल्या मुलांची शिबिरं यांतून गल्लीतल्या पोराला खेळपट्टी मिळत नाही.

१९४८पासून चालत आलेली कांगा लीग भर पावसात का खेळवली जाते, याचा विचार करा. झाकण नसलेली ओली खेळपट्टी, पोटरीएवढं गवत, चेंडू कधी टप्प्यावर थबकतो, कधी छातीवर येतो. तिथे वीस धावा म्हणजे शतक. खडूसपणा अशा मैदानावर अंगात मुरतो, तो भाषणानं येत नाही. म्हणून कांगा लीगचे निम्मे सामने वांद्र्याच्या उत्तरेला आणि शीवच्या पलीकडे न्यावेत. मुलुंडचं संभाजी मैदान, घाटकोपरचं अत्रे मैदान अशा महापालिकेच्या जागांवर असोसिएशननं स्वतःच्या खर्चानं मातीच्या खेळपट्ट्या कराव्यात, माळी ठेवावेत आणि जून ते मार्च तिथे मांडव पडू देऊ नये. पालघर-डहाणूकडच्या मुलांसाठी बोरिवलीत वसतिगृह हवं, म्हणजे लाड सरांच्या घराची जागा एखादी संस्था घेईल. आणि पंचविशीतल्या रणजी खेळाडूला वर्षभराचा पगारी करार हवा, निर्लॉन-मफतलाल जे करत असत ते.

असोसिएशनच्या निवडणुकीत बहुतेक मतं क्लबांकडे असतात. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला क्लबांनी विचारावं: विरार ते अंधेरी आणि मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्यांत मातीच्या किती खेळपट्ट्या करणार, कुठल्या मैदानावर, आणि कोणत्या पावसाळ्याच्या आत?