नाव काढणारी संघटना

माझी भाची दहा मीटर एअर रायफल मारायची. ‘मारायची’ असंच म्हणावं लागतं, कारण गेली दोन वर्षं तिने रायफलची पेटी उघडलेली नाही. साठ शॉटपैकी पहिले चाळीस झकास जायचे आणि शेवटच्या वीसमध्ये घसरण व्हायची. सरावात नाही, फक्त मॅचला. तिच्या कोचने एका ‘माइंड कोच’चं कार्ड दिलं. दहा सेशन, पैसे आगाऊ. चौथ्या सेशनला ही सोळा वर्षांची पोर त्याला म्हणाली, की मी हे सगळं बाबांसाठी करतेय, रेंजच्या जिन्यावर पाय ठेवला की पोटात गोळा येतो. संध्याकाळी ते कोचला कळलं आणि रात्री जेवताना तिच्या बाबांना. आरडाओरडा झाला नाही. भावोजी अर्ध्या ताटावरून उठले, एवढंच.

पुढे महिन्याभराने त्यांनीच मला विचारलं, “याची तक्रार करायची म्हटली तर कुणाकडे करायची रे?” मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलोय, की खेळाडूंच्या मनाशी काम करणाऱ्यांची एक सभासद-संघटना इथे उभी राहायला हवी. आणि भेटेल तो मला उडवून लावतोय.

जुन्या प्रशिक्षकांचं म्हणणं ठरलेलं असतं: आमच्या वेळी कुठे होती ही मनाची थेरं, दोनशे जोर जास्त काढले की मन आपोआप जागेवर येतं. यांच्याशी वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही. बीजिंगला २००८ मध्ये सुवर्णपदक घेणाऱ्या अभिनव बिंद्राच्या तयारीत मानसशास्त्रज्ञ होता. २०११ चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाबरोबर पॅडी अप्टन होता, आणि २०२४ मध्ये गुकेश बुद्धिबळाचा जगज्जेता झाला तेव्हा त्याच्याही पाठीशी हाच अप्टन होता. झालं.

पण अप्टनचं नाव घेतलं की दुसरा आणि जास्त हुशार आक्षेप पुढे येतो. हा माणूस ‘मेंटल कंडिशनिंग कोच’ म्हणून ओळखला जातो, सायकॉलॉजिस्ट म्हणून नव्हे. त्याचं काय अडलं? आणि लांब कशाला जाता, आपले नाशिकचे भीष्मराज बाम? आयुष्य पोलीस खात्यात गेलं, निवृत्तीनंतर राहुल द्रविडपासून अंजली भागवतपर्यंत किती खेळाडू त्यांच्याकडे जाऊन आले, ‘विजयाचे मानसशास्त्र’ किती घरांत पोचलं. कुणी त्यांना विचारलं होतं का, तुमचा सभासद क्रमांक काय म्हणून?

नव्हतं विचारलं, आणि विचारायची गरजही नव्हती. बामांचं नाव हीच हमी होती. अडचण अशी, की २०१७ मध्ये बाम गेले आणि अशी हमी वारसाहक्काने कुणाला मिळत नाही. उद्या कुणी म्हणालं, मी बाम सरांच्या पद्धतीने शिकवतो, तर ते पडताळायचं कसं? गाण्यात कोण कुणाकडे किती वर्षं बसला होता, हे चार जाणकारांना पहिल्या आलापातच कळतं. तालमीतल्या वस्तादाचं सगळं काम शंभर डोळ्यांसमोर, लाल मातीत चालतं. डाव चुकीचा शिकवला असेल तर पुढच्या जत्रेच्या मैदानात तो उघडा पडतोच. हे मनाचं काम मात्र दार लावून चालतं. खोलीत दोनच माणसं, आणि त्यातलं एक सोळा वर्षांचं. तिथे काय झालं हे बाहेर दिसत नाही. आणि जे बाहेर यायला नको तेच आलं, तर ज्याचं बिघडतं त्याला ते बोलायचीसुद्धा चोरी होते. एक मोठा माणूस बिनकागदाचा उत्तम निघाला, यावरून कागद नको असं ठरवायचं असेल, तर शाळेत न जाता मोठ्या झालेल्यांची उदाहरणं देऊन शाळाही बंद करता येतील.

तिसरा आक्षेप मला स्वतःला निम्मा पटतो. तो असा, की संघटना म्हणजे पावत्या. चार मराठी माणसं जमली की पाच मंडळं निघतात. मग आजीव सभासद, वार्षिक अधिवेशन, शाल-श्रीफळ, अध्यक्षपदाची निवडणूक आणि त्यानंतरची फाटाफूट. खोटं कशाला बोला, मीही अशा दोन संस्थांचा आजीव सभासद आहे आणि त्यांचं ओळखपत्र मला लायब्ररीतसुद्धा उपयोगी पडलेलं नाही.

फक्त हा आक्षेप घेणारे दोन वेगळ्या जातीच्या संघटना एकाच टोपलीत टाकतात. एक अभ्यासकांची: निबंध वाचायचे, नियतकालिक काढायचं, परिषद भरवायची. ती हवीच, आणि भारतात ती परंपरा आहे. स्पोर्ट्स सायकॉलॉजी असोसिएशन ऑफ इंडिया हे तिचंच उदाहरण. दुसरी पेशाची: हा माणूस खेळाडूसमोर बसायला लायक आहे, असं जाहीरपणे सांगणारी आणि नसला तर तेही सांगणारी. पहिलीकडून दुसरीचं काम होत नाही, हे अमेरिकेने आधीच अनुभवलं आहे. तिथे या विषयाची संशोधकांची संघटना १९६७ पासून होती. ऐंशीच्या दशकात ऑलिम्पिक संघांना मानसशास्त्रज्ञ हवेसे झाले, तेव्हा कुणीही उठून सल्लागार होऊ लागला. तिथल्या ऑलिम्पिक समितीने १९८३ मध्ये निकष तयार केले आणि या लोकांचे तीन गट पाडले: उपचार करणारे, कौशल्य शिकवणारे आणि संशोधन करणारे. पण प्रमाणपत्र कोण देणार, आचारसंहिता कोण लिहिणार, ही कटकट संशोधकांच्या संघटनेला अंगावर घ्यायची नव्हती. तेव्हा नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या जॉन सिल्व्हा यांनी १९८५ मध्ये नॅग्ज हेड या समुद्रकाठच्या गावी मोजकी मंडळी जमवली. आज असोसिएशन फॉर अप्लाइड स्पोर्ट सायकॉलॉजी म्हणून ओळखली जाते ती संघटना त्यातून निघाली. पहिली परिषद पुढच्याच वर्षी जेकिल बेटावर भरली.

या संघटनेचं फार कौतुक करण्याचं कारण नाही. नव्वदच्या दशकापासून ती प्रमाणपत्र देत होती, पण परीक्षा ठेवायला तिला पुढे पंचवीसेक वर्षं लागली. मधल्या काळात शारीरिक शिक्षणवाले आणि मानसशास्त्रवाले एकमेकांना ‘तुम्ही अर्धे’ म्हणत राहिले. एकाला खेळ कळत नाही, दुसऱ्याला आजार ओळखता येत नाही. माझ्या मते हे भांडण झालं हेच बरं झालं. त्यातूनच पदव्युत्तर शिक्षणात दोन्हीकडचे विषय सक्तीचे झाले. आजचं त्यांचं प्रमाणपत्र हवं असेल तर अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली ४०० तास काम करावं लागतं, वर परीक्षा, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. प्रमाणपत्रावर ‘सायकॉलॉजिस्ट’ हा शब्दही नाही, ‘मेंटल परफॉर्मन्स कन्सल्टंट’ असं लिहिलेलं असतं. कारण ‘सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायला तिथल्या राज्याचा परवाना लागतो. आपण काय नाही, हे कार्डावरच कळतं. आपल्याकडच्या कार्डांवर काय काय असतं ते एकदा वाचून पाहावं.

मग उरतात ते ‘सरकारने कायदा करावा’वाले. कायदा झालेला आहे की. उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. बाकीच्या मानसशास्त्रज्ञांना २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्याने आपल्या यादीत घेतलं. खेळाडूचं मन मात्र या दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीत पडतं. आणि समजा उद्या त्याची वेगळी नोंद करायची ठरली, तर कुणाची नावं लिहायची हे मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याने कशावरून ठरवायचं? ब्रिटनमध्ये ‘स्पोर्ट अँड एक्सरसाइज सायकॉलॉजिस्ट’ हे बिरुद २००९ मध्ये कायद्याने राखीव झालं. पण सरकारी नोंदवहीत पहिली नावं आली ती ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीसारख्या व्यावसायिक संघटनांच्या याद्यांवरून. ती सोसायटी १९०१ सालची. म्हणजे आधी कुणीतरी यादी राखली, म्हणून सरकारला ती उचलता आली. शिवाय कायदा राखतो तो फक्त शब्द. तो राखला की लोक ‘माइंडसेट कोच’ होतात. त्यांच्याकडे जाऊ नका हे पालकांना सांगायचं काम पुन्हा संघटनेलाच करावं लागतं.

आता मला हवी ती संघटना कशी, हेही सांगतो. नुसतं दुसऱ्याचं खोडून काढणं सोपं असतं. वर्गणी भरली म्हणून ती कुणाला सभासद करणार नाही. तासांची नोंदवही दाखवा, देखरेख कुणाची होती ते नाव सांगा, मग बोला. पहिल्या भेटीला एक पान मराठीत, आई-बाप आणि मूल दोघांना वाचता येईल असं: इथलं बोलणं कुणाला कळेल, कुणाला कळणार नाही, आणि कोणत्या एका-दोन प्रसंगी सांगावंच लागेल. पैसे क्रीडा संघ देत असेल तर हे पान दुप्पट महत्त्वाचं, कारण पैसे देणाऱ्याला वाटतं की अहवालही आपलाच. पाठवणाऱ्या कोचला कमिशन द्यायचं नाही. झोप उडालीय, जेवण सुटलंय अशी चिन्हं दिसली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं, ‘पॉझिटिव्ह विचार कर’ म्हणून दहावं सेशन पुरं करायचं नाही.

आणि बाम आज आले असते तर या संघटनेने त्यांना दारातच थांबवलं असतं का? हा प्रश्न मला खरोखर छळतो. पुण्या-मुंबईतल्या इंग्रजीत एम. ए. झालेल्यांचा क्लब होऊन बसण्याचा धोका अगदी खरा आहे, आणि पळणाऱ्या पोरी सुरगाण्याच्या पाड्यांवरूनही येतात. म्हणून सुरुवातीची काही वर्षं दुसरं दार हवं: पदवी नसली तरी केलेलं काम तपासून आत घ्यायचं. मात्र आत आल्यावर आचारसंहिता एकच, तक्रार समितीही एकच, आणि त्या समितीत एखादा निवृत्त खेळाडू आणि एखादा पालक बसलेला.

मराठीत ‘नाव काढणं’ याचे दोन अर्थ होतात. आपल्या संस्थांना त्यातला पहिलाच तेवढा माहीत असतो. सभासदाने पदक आणलं की फ्लेक्स लागतो. मी दुसऱ्या अर्थासाठी भांडतोय. ज्या यादीतून कुणाचं नाव काढून टाकता येत नाही, त्या यादीत असण्याला काडीची किंमत नाही. काढलेलं नाव कारणासह सगळ्यांना वाचता येईल असं ठेवलं पाहिजे. आब्रूनुकसानीचे दावे लागतील, वकिलाला पैसे मोजावे लागतील. वर्गणी त्यासाठीच घ्यायची.

त्या गृहस्थाचं कार्ड माझ्या खणात होतं. मागच्या महिन्यात एका स्पर्धेत कुणीतरी त्याचंच नवं कार्ड माझ्या हातात ठेवलं. फोन नंबर तोच. ‘माइंड कोच’ खोडून आता ‘स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्ट’ केलंय, आणि खाली बारीक अक्षरात: लहान मुलांसाठी विशेष बॅच.