चिठ्ठी हरवली, म्हणून भरपाई नाही?
अमेरिकेत १९९६ साली ‘ऑक्सिकॉन्टिन’ ही वेदनाशामक गोळी बाजारात आली. तिच्या व्यसनाचा धोका कमी असल्याचे भासवल्याची कबुली ती बनवणाऱ्या पर्ड्यू समूहातील कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात दिली. तरी ‘घेणाऱ्याचीच चूक’ हा आक्षेप संपत नाही. डॉक्टरने लिहून दिलेली गोळी विश्वासाने घेतली, तर दोष फसवणाऱ्याचा की फसलेल्याचा? पर्ड्यूच्या मालक सॅकलर कुटुंबाला दाव्यांपासून संरक्षण देणारा करार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी फेटाळला, हे योग्यच झाले. नव्या, सुमारे ७.४ अब्ज डॉलरच्या तडजोडीतला मोठा वाटा मात्र राज्ये आणि स्थानिक सरकारांकडे जाणार. व्यसनमुक्तीच्या उपचारांना पैसा हवाच; पण भरपाईसाठी मुलगा गमावलेल्या आईकडे वीस वर्षांपूर्वीची डॉक्टरची चिठ्ठी मागणे म्हणजे तिला रिकाम्या हाती परत पाठवणे. खोटे दावे जरूर रोखा, पण नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रेही पुरावा म्हणून ग्राह्य धरा.