घरखर्चाची वही : बिडाचा ब्लॉक की जर्मनचा?



मुलांची फी, पतपेढीचे कर्ज, लग्नातला बडेजाव, अशा विषयांवर या सदरात आजवर लिहीत आलो. या खेपेला मोटारीच्या इंजिनावर लिहितो आहे, म्हणून भगिनींनी पान उलटू नये. घरात मोटार येते तेव्हा दागिना मोडला जातो तो बहुतेक वेळा त्यांचाच. आमच्याकडे तसेच झाले.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा बी.ए. होऊन दोन वर्षे घरी बसून होता. नोकरीची वाट पाहून थकला आणि टॅक्सी चालवायचे त्याने ठरवले. बहिणीने सोन्याची पोत मोडली, उरलेली रक्कम पतपेढीतून काढली, जामीन म्हणून सही माझी. सात वर्षे वापरलेली, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी घेतली. गाडीचे नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. विकणारा एवढेच म्हणाला, "इंजिन हलके आहे, ॲव्हरेज चांगले देते." मी पडलो बी.कॉम. झालेला कारकून. किंमत पाहिली, कागदपत्रे पाहिली, विम्याची तारीख पाहिली. बॉनेट उघडून काही पाहायचे असते हे माझ्या गावीही नव्हते.

तिसऱ्या महिन्यात कल्याणहून नाशिकचे भाडे मिळाले. मे महिन्याचे ऊन, गाडीत पाच माणसे, वर सामान, एसी चालू. कसारा घाटात तापमानाचा काटा वर चढू लागला. मागच्या सीटवर एक आजारी आजी होत्या, त्यांना उन्हात उभे कुठे करणार? "इगतपुरीपर्यंत काढू," असे म्हणून पोराने गाडी तशीच रेटली. घाटमाथ्याजवळ बॉनेटमधून वाफेचा लोट आला आणि गाडी बंद पडली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने ऑइलची पट्टी बाहेर काढून दाखवली. ऑइल दुधाच्या चहासारखे झाले होते, म्हणजे इंजिनातले पाणी ऑइलमध्ये उतरले होते. हेड गॅस्केट गेले होते, हेड वाकले होते आणि ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही सपाट राहिला नव्हता.

पुढे वर्षावासात विहारातले प्रवचन संपल्यावर चहा घेताना हा विषय निघाला. आमच्या वस्तीतले एक काका, मुंबईत तीस वर्षे काळी-पिवळी चालवलेले, ठामपणे म्हणाले, "तुझ्या गाडीचा ब्लॉक जर्मनचा. जर्मनचं पातेलं कधी तव्याची बरोबरी करील का? इंजिन पाहिजे बिडाचं." आयटीआय झालेला एक मुलगा त्यांच्याशी वाद घालू लागला. मला दोघांचे म्हणणे अर्धे अर्धे कळले. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते, की ऐकीव गोष्ट ऐकली म्हणून खरी मानू नका. मग मी चार रविवार गॅरेजमध्ये जाऊन बसलो आणि काही वाचलेही.

ब्लॉक म्हणजे इंजिनाचे धड. त्याच्यात चार नळकांडी असतात, त्यांत पिस्टन वरखाली पळतात आणि भोवतीच्या पोकळीतून पाणी फिरते. वर हेड, मध्ये गॅस्केट. बीड जड असते. एका घनसेंटिमीटरला सुमारे ७.२ ग्रॅम, तर ॲल्युमिनियम २.७ ग्रॅम. पण ॲल्युमिनियम नरम, म्हणून भिंती जाड घ्याव्या लागतात. त्यामुळे ब्लॉकचे वजन एकतृतीयांश होत नाही, निम्म्याच्या आसपास येते. उष्णता मात्र ते बिडापेक्षा कितीतरी लवकर वाहून नेते. जर्मनच्या पातेल्यात दूध झटकन तापते आणि बिडाचा तवा गॅस बंद केल्यावरही भाकरी भाजतो, हे आपल्या घरातल्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही.

आता खोड सांगतो. तेवढ्याच उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. ते ६६० अंशांना वितळते, पण दोनशे अंशांच्या पुढेच त्याची ताकद कमी होऊ लागते. म्हणून पाणी संपलेले इंजिन चालवले, की बीड काही काळ सोसते आणि ॲल्युमिनियम वाकते. बोल्ट जास्त आवळले तर त्यातले आटेही निघून येतात. बिडाचेही लाड करू नयेत. तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी ओतले तर त्याला तडा जातो आणि साध्या पाण्याने ते आतून गंजते. पण झिजलेले बिडाचे सिलिंडर खराद करून मोठे करता येतात आणि मोठे पिस्टन घालून इंजिन पुन्हा उभे राहते. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बहुतेक वेळा बिडाचेच पातळ लाइनर बसवलेले असतात, तिथे खरादीला जागा थोडी.

काकांना मी एक गोष्ट सांगितली, ती त्यांना आवडली नाही. ज्या पद्मिनीवर त्यांचे तीस वर्षे पोट भरले, तिच्या १०८९ सीसीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा असला तरी हेड ॲल्युमिनियमचेच होते. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून ती टॅक्सी कायमची गेली, तोवर दोन्ही धातू एकाच गॅस्केटला धरून नांदले.

याच्या उलट प्रयोग अमेरिकेत झाला. जनरल मोटर्सने १९७० साली शेव्हरोले व्हेगा ही छोटी गाडी बाजारात आणली. तिच्या २.३ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत लाइनर नाहीच. धातूतच सुमारे १७ टक्के सिलिकॉन मिसळून त्याच्या कठीण कणांवर पिस्टन पळवायचा, अशी कल्पना. आणि हेड बिडाचे! रेडिएटर मात्र लहान ठेवला. इंजिने तापू लागली, गॅस्केट गळू लागली, सिलिंडर ओरखडले, गाड्या ऑइल पिऊ लागल्या. अनेकांनी शेवटी लोखंडी लाइनर घालून ब्लॉक वाचवले. १९७७ पर्यंत सुमारे वीस लाख व्हेगा विकल्या गेल्या, पण नाव गेले ते गेलेच.

ही गाडी ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनच्या कारखान्यात बनत असे. तिथे पट्टा ताशी शंभर गाड्यांच्या वेगाने फिरवला, म्हणजे एका कामगाराला एका गाडीसाठी छत्तीस सेकंद. मार्च १९७२ मध्ये तिथल्या तरुण कामगारांनी संप केला. (आपल्याकडे १९४६ साली, बाबासाहेब मजूर खाते पाहत असताना, कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला, हे संपाच्या गोष्टी ऐकणाऱ्या पोरांना मुद्दाम सांगावे.) आणि दोष कोणाच्या माथी बसला? ॲल्युमिनियमच्या. पण त्याच प्रकारच्या सिलिकॉनमिश्रित धातूचा, लाइनर नसलेला ब्लॉक पोर्शे ९४४ या चार सिलिंडर गाडीत १९८२ पासून उत्तम चालला. जन्मावरून लायकी ठरवण्याची खोड आपल्याला चांगली ओळखीची आहे. ती धातूलाही लावतात हे नवे कळले.

आमच्या गाडीचे प्रकरण असेच निघाले. ब्लॉक उघडल्यावर पाण्याच्या वाटा पांढऱ्या खापराने भरलेल्या दिसल्या. आधीच्या मालकाने कूलंट टाकायचे सोडून बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी भरले होते. रेडिएटर अर्धा तुंबलेला. अशा गाडीने घाट कसा चढावा? बिडाचा ब्लॉक असता तर कदाचित इगतपुरी गाठली असती, हे काकांचे म्हणणे मी मान्य करतो. पण गॅस्केट त्याचेही गेले असते.

तरी कोणी विचारले तर माझे मत असे. रोज घाट, जड भाडी आणि गॅरेज लांब, अशा माणसाला बिडाचा ब्लॉक जास्त चुका पोटात घालतो. १२४८ सीसीचे जे डिझेल इंजिन रांजणगावलाही बनत असे आणि आपल्या भागातल्या कितीतरी टॅक्सींत आहे, त्याचा ब्लॉक बिडाचाच. डिझेलचा दाब पेट्रोलपेक्षा फार मोठा, तिथे ते शोभते. शहरात फिरणाऱ्या पेट्रोल गाडीला ॲल्युमिनियम वाईट नाही, पण कूलंटचा खर्च महिन्याच्या हिशेबात धरावा.

गाडी घ्यायला जाताना खिशात फ्रीजवरचे लोहचुंबक ठेवावे. ब्लॉकला चिकटले तर बीड. इंजिन गार असतानाच रेडिएटरचे झाकण उघडावे. पाणी तांबूस, गढूळ दिसले तर विचारा. ऑइलच्या झाकणाखाली साय जमली असेल तर सरळ घरी या. आणि अर्धा तास गाडी चालवून काटा पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. मी यातले काहीच केले नव्हते.

हेड आणि ब्लॉकची फेसिंग, गॅस्केट, नवा रेडिएटर, मजुरी मिळून ४१,००० रुपये झाले. तीन हप्ते थकले, ते माझ्या पगारातून गेले. घरी यावरून बोलणी झाली, ती लिहीत नाही. गाडी आता धावते आहे. सकाळी पोरगा किल्ली घेऊन निघाला की बहीण दारातून विचारते, "पाणी बघितलंस का रे?" तो म्हणतो, "आई, पाणी नाही, कूलंट." पतपेढीचे अजून एकोणीस हप्ते बाकी आहेत.