गोळ्यांचं 'वाटप' हा शब्द आधी बदलूया



फेब्रुवारी आणि ऑगस्ट महिन्यांत शाळांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: "जंतनाशक गोळी वाटप अहवाल आज चारपर्यंत पाठवावा." त्यातला 'वाटप' हा शब्द मला खटकतो. पुस्तकांचं वाटप होतं, गणवेशांचं होतं, खाऊचं होतं. वाटपात हिशोब एवढाच की आले किती, गेले किती, उरले किती. एखादं पुस्तक चुकून दुसऱ्याच मुलाकडे गेलं तर दुसऱ्या दिवशी परत मागता येतं. गोळी एकदा पोटात गेली की परत मागता येत नाही.

डीएडच्या दोन वर्षांत आपण बालमानसशास्त्र शिकलो, पाठ टाचण शिकलो, फलकलेखन शिकलो. मुलाला औषध कसं द्यावं हे आपल्याला कोणी शिकवलं नाही. नोकरीत मात्र ते करावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे. जो हात मुलाच्या तोंडात औषध घालतो, तो तेवढ्या वेळापुरता आरोग्य कर्मचाऱ्याचा हात असतो. मग तो शिक्षकाचा असो, अंगणवाडीताईंचा असो, नाहीतर घरातल्या आजीचा. म्हणून नर्सताईंना पहिल्याच वर्षी जे शिकवतात, त्यातलं निदान प्राथमिक तरी आपल्याला यायलाच हवं.

शाळेत आपण नेमकं काय देतो?

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून सुरू आहे. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल ही गोळी देतात. पूर्ण गोळी ४०० मिलिग्रॅमची असते. २ वर्षांपुढच्या मुलाला पूर्ण गोळी आणि १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी. ती चावून खायची असते. लहानग्यांना पूड करून पाण्यात कालवून देतात.

दुसरी म्हणजे आठवड्याला एक लोहाची गोळी. इथे गंमत रंगांची आहे. ५ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी गुलाबी, तिच्यात ४५ मिलिग्रॅम लोह. १० ते १९ वर्षांच्या मुलांसाठी निळी, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह. दोन्हींत फॉलिक ॲसिडही असतं. पहिली ते सातवीच्या शाळेत दोन्ही रंग एकाच कपाटात असतात. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. लोहाची गोळी म्हणजे ताकदीची गोळी, असं समजून कपाट उघडं ठेवू नका. लहान मुलाने गोड समजून पाच-दहा गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं.

औषध पोटात गेल्यावर काय होतं?

मुलांना आपण अन्नाचा प्रवास शिकवतो. औषधाचा प्रवासही साधारण त्याच वाटेने होतो. तोंडातून जठरात, आतड्यातून रक्तात, रक्तातून शरीरभर. मग यकृत त्याची मोडतोड करतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. मुलाचं यकृत लहान, वजन कमी. म्हणून मोठ्यांची मात्रा मुलाला चालत नाही आणि मुलांची मात्रा नुसत्या वयावरून न ठरवता वजनावरून ठरवतात.

तापाचं पॅरासिटामॉल घ्या. ते साधारण किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम देतात आणि दोन वेळांत ४ ते ६ तासांचं अंतर ठेवतात. हे अंतर कोणाच्या सोयीसाठी नाही. आधीच्या मात्रेचा निचरा व्हायला यकृताला तेवढा वेळ लागतो. त्याआधीच पुन्हा पुन्हा औषध ओतत राहिलो तर यकृतालाच इजा होते. आणि ती इजा पहिल्या दिवशी दिसत नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

पाच प्रश्न

नर्सिंगमध्ये पाच गोष्टी पाठ करून घेतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. आपण त्यांचे पाच प्रश्न करूया.

१) मूल तेच आहे ना?
वर्गात दोन साई असतात, तीन श्रावणी असतात. "तू साई ना?" असं विचारलं की मूल मान हलवतं, कारण बाईंना हो म्हणायचं असतं. म्हणून "तुझं पूर्ण नाव सांग" असं विचारा. त्यालाच जोडून आणखी दोन गोष्टी विचारा. आज बरं वाटतंय का? घरी कोणतं औषध चालू आहे का? जंतनाशक दिनाच्या सूचनांतच आहे की आजारी मुलाला त्या दिवशी गोळी द्यायची नाही.

२) औषध तेच आहे ना?
३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात पोलिओ लसीकरणाच्या वेळी १२ बालकांना लशीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. सुदैवाने ती वाचली. पाजणारी माणसं काही दुष्ट नव्हती. बाटली हाताशी होती आणि लेबल वाचलं गेलं नाही. म्हणून नियम असा: लेबल तीनदा वाचायचं. कपाटातून काढताना, देण्याआधी आणि परत ठेवताना. मुदतीची तारीखही त्यातच बघायची. आणि औषधाच्या टेबलावर औषध आणि पाणी सोडून तिसरी बाटली ठेवायची नाही.

३) मात्रा तेवढीच आहे ना?
एक गणित सोडवू. बाळाचं वजन १२ किलो. पॅरासिटामॉल बसतं एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम. बाजारात याच औषधाचं एक सिरप ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं मिळतं, दुसरं ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं. तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स असतात ते तर १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे. आता कोणी "पाच मिली द्या" एवढंच ऐकून ड्रॉप्सच्या बाटलीतून पाच मिली दिले, तर पोटात गेले ५०० मिलिग्रॅम. म्हणजे पहिल्या सिरपच्या चौपट! बाटली छोटी म्हणून औषध सौम्य, असं नसतं. तेव्हा मिलीबरोबर मिलिग्रॅमही विचारा. आणि चमचा घरातला नको. एका घरातला चमचा दुसऱ्या घरातल्या चमच्यासारखा नसतो. बाटलीबरोबर आलेलं मापाचं झाकण किंवा सिरिंज वापरा. तसंच ओआरएसचं. मोठं पाकीट १ लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं, छोटं २०० मिलीत. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकून उरलेलं घडी घालून ठेवणं चुकीचं आहे. तयार केलेलं पाणीही २४ तासांनंतर टाकून द्यायचं.

४) मार्ग बरोबर आहे ना?
चावायची गोळी चावूनच. रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून औषध ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मुलाला बसवा, शांत करा, नाहीच घेतलं तर त्या दिवशी सोडून द्या. कानाचे थेंब डोळ्यात घालू नका. दोन्ही बाटल्या घरात शेजारी शेजारी असतात आणि दिसतात जुळ्या बहिणींसारख्या.

५) वेळ बरोबर आहे ना?
लोहाची गोळी उपाशीपोटी दिली की मळमळतं, म्हणून ती पोषण आहारानंतर. लगेच चहा नको, चहामुळे लोह कमी शोषलं जातं. लिंबू, आवळा मात्र चालतो, उलट मदतच करतो. गोळीनंतर शी काळी होते हे मुलांना आणि पालकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात निम्मी मुलं गोळी खिडकीतून टाकतात. तापाच्या औषधाच्या बाबतीत पहिला प्रश्न एकच: आधीचं किती वाजता दिलं?

आणि पाचांच्या पाठीमागे सहावी गोष्ट, नोंद. गोळी दिल्यावरच हजेरीपुढे खूण करायची. आधी सगळ्या खुणा करून ठेवायच्या आणि मग गोळ्या द्यायच्या, ही पद्धत बंद व्हायला हवी. गोळी समोर खाल्ली पाहिजे. "घरी जाऊन खा" म्हणून हातात द्यायची नाही. घरी धाकटं भावंड असतं.

पालकांशी थोडं स्पष्ट

पहिलीतल्या मुलाच्या दप्तरात कागदाच्या पुडीत अर्धी गोळी असते आणि मूल सांगतं, "आईने सांगितलंय, जेवल्यावर द्या." कोणती गोळी? कशासाठी? सकाळी दिली का? मुलाला माहीत नसतं आणि आईचा फोन कामाच्या ठिकाणी बंद असतो. पालकहो, तुमची अडचण आम्हाला कळते. मजुरीवर जाणाऱ्या आईला दुपारी शाळेत येता येत नाही. पण एवढं करा. औषध मूळ पाकिटात किंवा बाटलीत द्या. सोबत चिठ्ठी द्या: मुलाचं नाव, औषधाचं नाव, किती, कसं, किती वाजता, आधीचं कधी दिलं आणि डॉक्टरांनी सांगितलंय का. आणि ते दप्तरात न टाकता शिक्षकांच्या हातात द्या. चिठ्ठी नसेल तर आम्ही औषध देणार नाही. तेव्हा रागावू नका. तो नकार तुमच्याच लेकरासाठी आहे. दमा, फिट, मधुमेह असं काही असेल तर शाळेपासून लपवू नका, वर्षाच्या सुरुवातीलाच सांगा.

घरातही मोठ्या भावाचं उरलेलं औषध धाकट्याला देऊ नका. तापात मुलांना ॲस्पिरिन नको. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्या देशात २०११ पासूनच बंदी आहे. खोकल्याच्या सिरपबद्दलही सावध राहा. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात दूषित सिरपने लहान मुलं दगावली. त्यातल्या काहींना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं की २ वर्षांखालच्या बाळांना खोकल्या-सर्दीची अशी औषधं देऊच नयेत आणि ५ वर्षांपर्यंतही ती सहसा नकोतच.

"अशैक्षणिक कामं काय कमी आहेत का?"

हा प्रश्न शिक्षक मित्र विचारणारच आणि तो बरोबर आहे. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती, त्यात हे. पण मला वाटतं, या कामावर बहिष्कार टाकण्यापेक्षा ते नीट करण्याच्या अटी मागाव्यात. जंत आणि रक्तक्षय घेऊन बसलेलं मूल वर्गात पेंगतं, त्याचं वाचन मागे पडतं. म्हणजे हे काम आपल्या कामाच्या आड येणारं नाही.

माझ्या अटी तीनच आहेत. पहिली, आदल्या दिवशी उपकेंद्रातल्या नर्सताईंनी शाळेत येऊन अर्धा तास समजावून सांगावं. नुसती पीडीएफ नको. दुसरी, मुलाला त्रास झाला तर काय करायचं आणि कोणाला फोन करायचा हे एका कागदावर लिहून भिंतीवर लावावं. १०८ नंबर प्रत्येक शिक्षकाला तोंडपाठ हवा. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची अट, "नाही दिली" असं लिहिण्याची मोकळीक.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने तापाने फणफणलेल्या मुलाला गोळी दिली नाही. अहवालात ३१ पैकी ३० लिहिले. संध्याकाळी फोन आला, "एक का राहिला?" जो फोन तिचं कौतुक करायला यायला हवा होता, तो जाब विचारायला आला! खरं तर योजनेतच सुटलेल्या मुलांसाठी पुढे आणखी एक दिवस राखून ठेवलेला असतो. मग घाई कशाची? पूर्ण आकड्याच्या हट्टापायीच एखाद्या दिवशी आजारी मुलाच्या तोंडात गोळी कोंबली जाते.

जाता जाता वर्गासाठी एक उपक्रम. चौथी-पाचवीच्या मुलांना घरून एकेक चमचा आणायला सांगा. औषधाच्या मापाच्या झाकणात ५ मिली पाणी घ्या आणि प्रत्येकाच्या चमच्यात ओतून बघा. कोणाचा चमचा ओसंडेल, कोणाचा अर्धाच भरेल. 'मापन' हा घटक त्या दिवशी फळ्याविना शिकवून होईल आणि मुलं घरी जाऊन आईला सांगतील की आपला चमचा चुकीचा आहे.

पुढच्या फेरीला मुख्याध्यापकांशी बोलून एवढा बदल करून पाहा. अहवालाच्या तक्त्यात 'वाटप' खोडून 'किती मुलांना दिली' असं लिहा. शेजारी एक रकाना वाढवा: 'किती मुलांना दिली नाही आणि का'. तो रकाना रिकामा नसेल तर लाज वाटू देऊ नका. त्या शाळेत कोणीतरी मुलाकडे बघून मग गोळी देतं, एवढंच त्यावरून कळेल.